नकाशाची पाठ

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी नवा शर्ट घालून गेलो होतो. जिन्यात समोरून एक किडकिडीत गृहस्थ उतरत होते. वय साठीच्या थोडं अलीकडे, खांद्याला कापडी पिशवी, पायात रबरी चपला. ओळख ना पाळख, त्यांनी माझी बाही चिमटीत धरली, उलटी केली, आतली बाजू खिडकीच्या उजेडाला धरली आणि म्हणाले, "बाही बरी आहे. तिसऱ्या बटणाखाली बघ." एवढं बोलून खाली निघून गेले. तिसऱ्या बटणाखाली खरंच धागा तुटलेला होता. मी दिवसभर तिथे हात ठेवून सगळ्यांशी ओळख करून घेतली, त्यामुळे संध्याकाळपर्यंत नव्या इंजिनीअरला पोटाचा त्रास आहे अशी ऑफिसभर बातमी झाली.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. नाव हजेरीपटावर असलं म्हणजे पुष्कळ झालं, असं ते म्हणायचे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. ते मला साहेब म्हणायचे आणि त्याच वाक्यात अरेतुरे करायचे. "साहेब, तू गप बस जरा," हे वाक्य मी त्यांच्याकडून जितक्या वेळा ऐकलं तितक्या वेळा आईकडूनही ऐकलं नसेल, आणि दोघांपैकी कोणाचंही मानलं नाही.

आमची कंपनी म्हणजे सहा-सात माणसांचं बिऱ्हाड होतं. किरणोत्सार मोजायची यंत्रं आम्ही बनवायचो, दुरुस्त करायचो, आणि इस्पितळांतल्या एक्स-रेच्या खोल्यांतून भिंतीबाहेर काही झिरपत नाही ना ते मोजून द्यायचो. आधी हे बिऱ्हाड माहीमला होतं. मग लालबागला एका बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात, जुन्या गोदामाच्या माडीवर जागा मिळाली आणि मालकांनी सामान हलवलं. त्यांना ठाऊक नव्हतं की ही तीच गिरणी, जिच्या फोल्डिंग खात्यात काका विशीत कापड तपासायला होते, आणि जिच्या गेटासमोर ब्याऐंशीच्या संपात त्यांनी दीड वर्ष पहारा दिला होता.

काकांनी मालकांना शांतपणे सांगितलं की संप चालू असल्यामुळे आपल्याला या गेटातून आत येता येणार नाही. मालक हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस विनोद करत नाहीये. संप सुरू होऊन तीस वर्षं उलटली होती, गिरणीतल्या साच्यांचं, म्हणजे कापड विणायच्या मागांचं, भंगार केव्हाच निघून गेलं होतं, समोर करी रोडच्या अंगाला टॉवर उभे राहिले होते. पण संप मागे घेतल्याचं काकांना कोणी येऊन सांगितलं नव्हतं. सगळ्यांबरोबर हात वर करून त्यांनी शब्द दिला होता, आणि बाकीचे हात खाली आले म्हणून आपलाही खाली घ्यावा असं त्यांना वाटत नव्हतं. नोकरी सोडायची तयारीही त्यांनी दाखवली. शेवटी मार्ग त्यांनीच काढला. आवाराच्या मागच्या भिंतीला एक खिंडार पडलं होतं. गल्लीतल्या नळाच्या कट्ट्यावर पाय ठेवून, पिशवी आधी आत टाकून, मग स्वतः, असे काका रोज सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी कामावर यायचे. तिथून येणं म्हणजे गिरणीत जाणं नव्हे, ते नुसतं कामावर येणं, असं त्यांचं म्हणणं. एकदा खिंडारातल्या सळईला अडकून त्यांची पँट फाटली, तेव्हा त्यांनी फाटलेल्या जागेची पाठ बघितली आणि सगळा दोष कापडाला दिला.

गेटातून येताना मी त्यांना एकदाच बघितलं. ते माझ्यापायी, आणि त्यात माझी शोभा झाली ती वेगळी.

काकांचं सगळं शास्त्र तीन शब्दांचं होतं. आधी पाठ बघ. कापडाची पुढची बाजू गिऱ्हाइकाला दाखवायला असते, काय घडलंय ते पाठीवर कळतं, असं ते सांगायचे. हे त्यांनी कापडापुरतं ठेवलं असतं तर बरं झालं असतं. पण आलेलं पत्र ते आधी उलटं करून बघत, कॅलेंडर टांगण्याआधी उलटं करून बघत, इराण्याच्या हॉटेलात गेले की टेबलावरच्या कपड्याचं टोक उलटं करत. मालकांच्या मुलीच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या शेरवानीची कड उलटून बघितली आणि वरपित्याला म्हणाले, "अस्तर चांगलं आहे. काळजी नको." त्या गृहस्थांनी नंतर मालकांना दोनदा विचारलं की हे तुमचे कोण.

गिरणी सुटल्यावर त्यांनी काय काय केलं ते कधी सलग सांगितलं नाही. मधेच एखाद्या वाक्यात भाऊच्या धक्क्यावरच्या बर्फाच्या गाडीचा उल्लेख यायचा, मधेच एखाद्या छापखान्याचा. मग ते आमच्या कंपनीत मदतनीस म्हणून लागले आणि मोजणी यंत्र घेऊन चालायला शिकले. त्यांचं ते चालणं बघण्यासारखं होतं. पाच पावलं टाकायची, थांबायचं, तोंडातल्या तोंडात दहा आकडे मोजायचे, काट्याकडे बघायचं, वहीत लिहायचं, पुन्हा पाच पावलं. इस्पितळाचे डॉक्टर कंटाळून आत निघून जात. मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा मीही कंटाळलो आणि म्हणालो की काका, नवीन यंत्रं पटकन आकडा देतात, थांबायची गरज नाही. ते म्हणाले, "यंत्राला वेळ दे. घाईने बोलायला ते काय माणूस आहे?" मी हे वाक्य ऑफिसात सगळ्यांना सांगून हशा मिळवला. पुढे काय वाढून ठेवलंय ते तेव्हा ठाऊक असतं तर जरा बेताने हसलो असतो.

मला त्या कंपनीत घेतलं होतं ते ड्रोनसाठी. जपानमध्ये समुद्राकाठच्या अणुवीज केंद्रात अपघात झाला त्यानंतरची ती वर्षं. असा अपघात झाला की पहिला प्रश्न असतो, बाहेर पडलेलं विष नेमकं कुठे जाऊन बसलंय. ते डोळ्याला दिसत नाही, नाकाला कळत नाही. यंत्र घेऊन माणूस फिरवावा तर त्याच्याच जिवावर बेतायचं. म्हणून ड्रोनच्या पोटाला मोजणी यंत्र बांधायचं, त्याला सरळ रेषांत इकडून तिकडे आणि तिकडून इकडे फिरवायचं, आणि आलेल्या आकड्यांवरून रंगीत नकाशा काढायचा. लाल तिथे जाऊ नका, हिरवं तिथून जा. ही कल्पना जगात अनेकांना सुचलेली होती. मला मात्र ती दादरच्या आमच्या गॅलरीत बसून मलाच सुचली आहे असं मनापासून वाटायचं.

मी ऑफिसात सगळ्यांपुढे तासभर व्याख्यान दिलं. पडद्यावर चित्रं दाखवली. मधे मधे चष्मा काढून हातात धरला, कारण मोठे लोक तसं करताना मी बघितलं होतं. शेवटी कोणाला काही शंका आहे का असं विचारलं. काकांनी हात वर केला.

"नकाशा झाला. मग त्याच्यावरून चालणार कोण?"

मी म्हणालो, बचाव पथकाची माणसं चालतील, लोकांना घरातून बाहेर काढून नेतील.

"म्हणजे माणूस चालणारच," काका म्हणाले. "मग ठीक आहे. मला वाटलं माणसाचं काम संपलं."

सगळे हसले. मीही मोठेपणाने हसलो आणि ते वाक्य विसरून गेलो.

ड्रोन उडवायच्या परवानग्या मिळवताना आमचे मालक निम्मे झाले. पोलीस चौकीपासून वरपर्यंत प्रत्येकाला हे समजावून सांगावं लागलं की हे लग्नाचं शूटिंग नाही. अखेर आवाराच्या भिंतींच्या आत, ठरलेल्या उंचीच्या खाली उडवायची सोय झाली. पहिल्या उड्डाणाला मी नारळ फोडला. ड्रोन झाडाएवढा वर गेला आणि परळच्या बाजूने आलेल्या एका घारीने त्याच्यावर झडप घातली. माझं दोन वर्षांचं शिक्षण आणि मालकांचं यंत्र गिरणीच्या उंच चिमणीच्या पायथ्याशी उताणं पडलं. काका जाऊन ते घेऊन आले. येताना त्यांनी त्याची पाठ बघितली आणि म्हणाले की पंखा गेलाय, पोट शाबूत आहे.

पुढच्या वर्षभरात ड्रोन खरंच चांगला चालायला लागला. आमच्याकडे परवान्याचा एक क्षीण किरणोत्सारी स्रोत होता, शेंगदाण्याएवढा, शिशाच्या जाड डबीत कुलपात ठेवलेला. काका तो नियमाप्रमाणे वहीत सही करून काढत, आवारात कुठेतरी ठेवत, आणि मी सावकाश ड्रोन फिरवून तो शोधत असे. नकाशावर लाल ठिपका बरोबर यायचा. सरकारी खात्यातून अधिकारी बघायला येणार असं पत्र आलं. त्यांना पटलं तर अणुवीज केंद्राजवळच्या गावांत अपघाताची रंगीत तालीम होते तिथे आमचा ड्रोन जाणार होता. नाही पटलं, तर मालकांनी मला स्पष्टच सांगितलं, ड्रोन कपाटात जाईल आणि तू एक्स-रेच्या खोल्या मोजायला जाशील.

इथे माझ्यातला कलावंत जागा झाला. एवढे मोठे लोक येणार आणि आपला ड्रोन गोगलगायीसारखा चालणार, हे मला बघवेना. मी त्याचा वेग तिपटीने वाढवला. आदल्या दिवशी दुपारी तालीम घेतली. काकांनी स्रोत लपवला, ड्रोन सणाणत इकडून तिकडे गेला, दहा मिनिटांत नकाशा तयार. त्यावर एकाऐवजी दोन लाल डाग होते. एक डावीकडे, एक उजवीकडे, मधे हिरवागार पट्टा.

आमच्याकडे स्रोत एकच होता हे मला ठाऊक होतं. पण शिकलेला माणूस असा सहजासहजी हार मानत नाही. एक डाग स्रोताचा आणि दुसरा गिरणीच्या जुन्या दगडी पायाचा, काही दगडांतून थोडा किरणोत्सार येतोच, असं स्पष्टीकरण मी तिथल्या तिथे तयार केलं. माझं मलाच ते इतकं आवडलं की मी ते दोनदा सांगितलं.

काकांनी तो कागद हातात घेतला आणि सवयीप्रमाणे उलटा केला. आमच्याकडे पाठकोरे कागद वापरायची शिस्त होती. रंगीत नकाशा छापण्याआधी मी त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूला कच्चा नकाशा काढून बघितला होता, ज्यात ड्रोनच्या प्रत्येक फेरीचे आकडे रेषेरेषेने जसेच्या तसे दिसत होते. तो फार ओबडधोबड दिसत होता म्हणून मी तो संगणकाकडून गुळगुळीत करून घेऊन, रंग भरून, सुंदर केला होता. काकांनी ती कच्ची बाजू खिडकीला धरली. अंगठा एकेका रेषेवरून फिरवत बराच वेळ बघत राहिले.

"जाताना एक बोलतंय, येताना दुसरं बोलतंय," ते म्हणाले. "एक रेष डावीकडे भारी, तिच्याखालची उजवीकडे भारी. परत डावीकडे, परत उजवीकडे. एक आड एक असं आलं की दोष कापडात नसतो, साच्यात असतो."

मी म्हणालो, "काका, हे कापड नाही."

"आणि स्रोत मी ठेवला होता तो या दोन्हीकडे नव्हता."

कुठे ठेवली होती हे मी विचारायला हवं होतं. तोवर चहा आला होता, डबी कुलपात परत गेली होती, आणि माझ्याकडे दगडाचं स्पष्टीकरण होतं. सकाळी लवकर येऊन बघतो, असं मी म्हणालो. सकाळी इस्त्रीवाल्याने शर्ट द्यायला उशीर केला.

त्या दिवशी सुरक्षेसाठी मागचं खिंडार फळ्या ठोकून बंद केलं होतं आणि गल्लीत माणूस बसवला होता. काकांना मी सांगितलं की आज एक दिवस गेटातून या. ते म्हणाले, "मी बाहेर थांबतो. बाहेरही कोणी लागतंच." त्यांनी आपलं जुनं मोजणी यंत्र पिशवीत घातलं आणि गेटासमोरच्या फुटपाथवर, गजांच्या पलीकडे, उभे राहिले. तीस वर्षांपूर्वी पहाऱ्याला ते तिथेच उभे असत हे मला नंतर कळलं.

तपासणीला आलेल्या अधिकारी एक शांत बाई होत्या. पन्नाशीच्या, सुती साडी, कमी बोलणाऱ्या. त्यांनी स्वतःचा स्रोत आणला होता आणि आमच्यातलं कोणी यायच्या आत तो आवारात लपवला होता. पलीकडच्या पत्र्याच्या शेडजवळ एक पुतळा झोपवला होता. तो जखमी कामगार. माझं काम असं की नकाशा काढायचा आणि त्या जखमीपर्यंत जायची सुरक्षित वाट दाखवायची.

ड्रोन सणाणत गेला. गेटाबाहेरूनही दिसेल अशा मोठ्या पडद्यावर नकाशा उमटला. पुन्हा दोन लाल डाग, मधे हिरवा पट्टा. बाईंच्या पुढे दगडाच्या पायाची माहिती सांगायला मी विसरलो नाही. मग पट्ट्यावर बोट ठेवून म्हणालो की या वाटेने जावं.

"नक्की?" बाईंनी विचारलं.

मी म्हणालो की मी स्वतः जाऊन दाखवतो. बाई किंचित हसल्या. ते हसू मला कौतुकाचं वाटलं. निघताना हातातलं मोजणी यंत्र मी मुद्दाम सगळ्यांना दिसेल असं टेबलावर ठेवलं. आपल्या नकाशावर आपला विश्वास आहे हे लोकांना कळायला नको का?

मी चालायला लागलो. चष्मा काढून हातात धरला होता. निम्म्या वाटेवर गेलो असेन, तर मागून रबरी चपलांचा फटफट आवाज आला. काका येत होते. पाच पावलांवर थांबत नव्हते, दहा मोजत नव्हते, सरळ येत होते. हातातल्या यंत्रातून लाह्या फुटल्यासारखा आवाज येत होता आणि ते जसजसे माझ्या जवळ येत होते तसतसा तो वाढत होता.

"साहेब, तू थांब. पुढे पाऊल टाकू नको."

"काका, इथे हिरवं आहे," मी म्हणालो.

"मागे ये. आलास त्याच वाटेने."

त्यांनी यंत्र माझ्या पुढे धरलं. आवाज इतका दाट झाला की वेगवेगळी टकटक ऐकूच येईना. माझ्या बुटापासून दोन हातांवर गटाराचं एक लोखंडी झाकण होतं. बाईंचा स्रोत त्याच्याखाली होता. दोन्ही डागांच्या बरोबर मधोमध, माझ्या हिरव्या पट्ट्यावर.

झालं होतं ते असं. मोजणी यंत्राला आकडा सांगायला दोन सेकंद लागतात. सावकाश चाललं तर त्याने काही बिघडत नाही. पण मी ड्रोन पळवला होता, त्यामुळे यंत्र बोलेपर्यंत ड्रोन पुढे निघून जात होता. जाताना खरी जागा उजवीकडे सरकून लागत होती, येताना डावीकडे. एका जागेच्या दोन जागा झाल्या, आणि मी त्या गुळगुळीत करून, रंगवून, त्यांच्या मधून माणूस चालवायला निघालो होतो. सुदैवाने तो माणूस मीच होतो.

बाईंनी नंतर सांगितलं की स्रोत इतका क्षीण होता की त्या झाकणावर बसून मी डबा खाल्ला असता तरी फारसं बिघडलं नसतं, म्हणून त्यांनी मला जाऊ दिलं. पण काकांना ते ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं होतं की पडद्यावर कालच्यासारखाच दोन डागांचा नकाशा आहे आणि एक मूर्ख हातात यंत्र न घेता त्याच्यात शिरतोय.

बाईंनी त्यांना विचारलं की तुम्हाला कसं कळलं. काकांनी पिशवीतून कालचा कागद काढला आणि उलटा करून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो आकाशाकडे धरून बघितला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या की यंत्र चांगलं आहे, सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा, आणि त्या दिवशी यांना आत बसवा. मालकांनी माझ्याकडे बघितलंच नाही, ते बरं झालं.

काका मात्र हे ऐकत नव्हते. ते आवारात मधोमध उभे राहून चारी बाजूंना बघत होते. रोज त्या आवारातच तर ते कामाला यायचे. पण गेटाकडून, समोर चिमणी आणि उजव्या हाताला फोल्डिंग खातं असं, त्यांनी ते तीस वर्षांत बघितलं नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "मी कुठून आलो?"

मी म्हणालो, "गेटातून, काका."

"हां," ते म्हणाले. त्यांचा चेहरा बघून मला रडायला आलं. नापास झालो तेव्हा आलं नव्हतं. त्यांनी मागच्या बाजूने बाहेर सोडायला सांगितलं, पण खिंडाराच्या फळ्या निघेनात. बाहेरही गेटातूनच जावं लागलं.

दुसऱ्या दिवशी ते नऊ वीसला खिंडारातून आले आणि पुढे निवृत्त होईपर्यंत तिथूनच येत राहिले. संप मागे घेतलेला नाही, ते म्हणाले, मी काल आत गेलो म्हणून तो सुटत नाही. सहा महिन्यांनी ड्रोन पास झाला. त्या दिवशी आम्ही नकाशाचं टेबल खिंडारापाशी मांडलं. ड्रोन आता काकांच्या चालीने उडतो. थोडं जातो, थांबतो, मोजतो, पुढे जातो. परदेशी पाहुण्यांना मी ही पद्धत समजावून सांगतो तेव्हा ती माझीच आहे असा त्यांचा समज होतो. तो मी अलीकडे दुरुस्त करतो, पहिली काही वर्षं करत नव्हतो.

पण फजितीच्या दिवसाची संध्याकाळ सांगायची राहिली. काकांनी मला विचारलं, घोडपदेवपर्यंत येतोस का. ते कधी कोणाला घरी नेत नसत. आम्ही चालत निघालो.  मग चालता चालता, माझ्याकडे न बघता, ते सांगायला लागले. त्यांचा धाकटा भाऊ त्याच गिरणीत साच्यावर होता. संपाच्या नवव्या महिन्यात एका सकाळी काका गेटासमोर पहाऱ्याला उभे असताना भाऊ मान खाली घालून त्यांच्या समोरून आत कामावर गेला. काकांनी तोंड फिरवलं. तेव्हापासून दोघे बोललेले नाहीत. एकाच चाळीत राहतात, काका तळमजल्यावर, भाऊ त्यांच्या डोक्यावरच्या खोलीत. आई गेली तेव्हा दोघांनी खांदा दिला, पण एक शब्द बोलले नाहीत.

मी विचारलं की भाऊ का गेला होता आत.

"विचारलंच नाही," काका म्हणाले. थोडं पुढे गेल्यावर थांबले. पाच पावलं झाली होती की काय कोण जाणे. "आज तू तिथे चाललास ना, तेव्हा मला तू दिसत होतास. गेट दिसलंच नाही. कधी आत आलो ते कळलं नाही." मग म्हणाले, "त्यालाही तेव्हा गेट दिसलं नसेल. कोणीतरी दिसत असेल."

चाळीत शिरल्यावर ते आपल्या खोलीपाशी थांबले नाहीत. जिना चढून वर गेले. मी मागे, कठड्याला धरून. दार उघडंच होतं. आत बनियनवर सदरा चढवत एक म्हातारा उभा होता. नाक काकांचंच, अंगाने जरा भरलेला. काकांना दारात बघून त्याचा हात बाहीत तसाच राहिला.

काका त्यांच्या घरच्या मालवणीत म्हणाले, "आज मी गेटातसून आत गेलंय."

 आत भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला.

"बस," भाऊ म्हणाला. "च्या ठेवूक सांगतंय."

काका बसले नाहीत. पुढे झाले, भावाची लोंबणारी बाही चिमटीत धरली, उलटी केली आणि दिव्याच्या उजेडाला धरली. नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ ते बघत होते.  

"बरां आसा," काका म्हणाले, आणि बाही नीट करून त्यांनी भावाचा हात तिच्यात घातला.